मला इंटरव्हललाच कळलं होतं

(दादरच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक विनंती. फोन बंद करा असं म्हणत नाही, ते कोणी करत नाही. विनंती अशी की आज बोलता बोलता एक-दोन सिनेमांचा शेवट माझ्या तोंडून फुटणार आहे. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी तेवढ्यापुरतं बाहेर जाऊन चहा घ्यावा. चहा बरा आहे, मी आत्ताच घेतला.

माझे वडील लालबागकडच्या एका थिएटरात डोअरकीपर होते. हातात टॉर्च, खाकी शर्ट आणि खिशात फाटलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे. मी पाचवीत असताना मॅटिनीला एक जुना कृष्णधवल रहस्यपट आठवडाभर लागला होता. नाव सांगत नाही, कारण शेवट सांगायचा नाही हा बाबांचा नियम अजून माझ्या अंगात आहे. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी शो सुरू व्हायच्या आधी एकच गोंधळ उडाला. मुतारीच्या बाहेरच्या भिंतीवर, साधारण कमरेच्या उंचीवर, कोणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं : ‘खुनी’, आणि पुढे नाव. अक्षर मोठं, शिरोरेखा सरळ. मॅनेजर लालेलाल. झाडूवाला ओलं फडकं घेऊन धावला, तर बाबांनी त्याला अडवलं. म्हणाले, “पुसू नको. पुसलं की लोकांना वाटतं, खरंच होतं.” मग त्यांनी खडू घेतला आणि त्या नावाखाली आणखी चार नावं लिहिली. डॉक्टरचं, माळ्याचं, मोठ्या सुनेचं आणि मेलेल्याच्या भावाचं. प्रत्येकापुढे ‘खुनी’. शोला येणारी माणसं ते वाचून बुचकळ्यात पडत आणि सुटल्यावर तिथूनच जाताना हसत.

शो सुटला की मी बाहेर पडायच्या जिन्याखाली उभा असे. तिथे जे ऐकलं त्यावरच आजचं बोलणं आहे. पुढे मी संकलनाच्या खोल्यांत बरीच वर्षं काढली, मोठमोठ्यांची परीक्षणंही वाचली. पण पायऱ्या उतरताना माणूस जे बोलतो तितकं खरं मी कुठे वाचलं नाही. अजून त्याला कोणी काही विचारलेलं नसतं.

रहस्यपट सुटल्यावर जिन्यात पहिलं वाक्य ठरलेलं. “मला इंटरव्हललाच कळलं होतं.” हे वाक्य म्हणणारा एक तरी असतोच, आणि त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर, याला काहीही कळलं नव्हतं, हे स्वच्छ लिहिलेलं असतं. तो खोटं बोलतो असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ साली चीनला आणि रशियाला गेले, त्या दौऱ्यांच्या आधी फिशहॉफ आणि बेथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. हे घडेल का, ते घडेल का, शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं ते आठवा. तर जे घडलं होतं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती, असं विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे आठवत होतं. १९७५ साली ते छापून आलं. आमच्या जिन्यातल्या काकांचं तेच होतं. शेवट कळला की मन मागे जाऊन आधीच्या शंकेला फुगवून ठेवतं. सात जणांवर संशय घेतलेला असतो, लक्षात राहतो तो बरोबर निघालेला एक.

खरोखर आधी ओळखणाऱ्याही असतात. आमच्या चाळीतली एक मावशी दहातले आठ खुनी सांगायची. मी तिला विचारलं, कसं गं? म्हणाली, “एवढा मोठा नट घेतलाय, तो काय दोन वेळा चहा आणून द्यायला?” पुरावे, हेतू, बोटांचे ठसे यांच्याकडे तिचं लक्षच नसे. ती श्रेयनामावली वाचायची. यावर अजून कोणाला उपाय सापडलेला नाही. अनोळखी चेहरा घेतला तर तिकीट खपत नाही, आणि ओळखीचा घेतला तर मावशी बसलेलीच आहे.

मुंबईचा प्रेक्षक आणखी एका बाबतीत अवघड. त्याला हे शहर पाठ आहे. पडद्यावरचा माणूस सांगतो, खुनाच्या वेळी मी दादरला होतो, वीस मिनिटांनी ठाण्याला पोचलो. लगेच मागच्या रांगेतून आवाज येतो, “स्लो लोकलनं?” दादर-ठाणे पंचवीसेक किलोमीटर. हा हिशेब कुठल्याही वकिलाच्या आधी विक्रोळीचा माणूस करतो. मध्य रेल्वेच्या सीएसएमटीला चढलेला नायक पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटला उतरला, तर पुढचा सगळा सिनेमा गेला. त्याच्या शेवटावर मग कोणी विश्वास ठेवत नाही. तसंच न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं. नमुने कलिन्याला जातात हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि पडद्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल हातात आला की सभागृहात हशा पिकतो. लेखकाला वाटतं बारीकसारीक गोष्टींकडे कोण बघतो. रहस्यपटाला आलेला माणूस बारीकसारीक गोष्टीच बघायला आलेला असतो हो!

आता मुद्द्याचं. जिन्यात मी दोन शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकले. काही सिनेमांनंतर लोक म्हणत, “चकवलं रे.” काहींनंतर म्हणत, “फसवलं साल्यांनी.” शेवट दोन्हीकडे अनपेक्षितच. मग एकीकडे टाळ्या आणि एकीकडे शिव्या का?

आमचं गाव राजापूरकडे. तिथे चकवा लागतो म्हणतात. रात्री माणूस घराकडे निघतो आणि त्याच त्या बांधावरून फिरत राहतो, वाट सापडत नाही. पहाटे उजाडलं की बघतो, तर स्वतःच्याच खळ्यामागे उभा. रात्रभर घर हाकेच्या अंतरावर होतं. चकव्याची मजा या उजाडण्यात आहे. नवीन जागा कुठली निघत नाही, आपलीच जागा निघते. चांगला शेवट असाच येतो. तो नवीन माहिती आणत नाही, पाहिलेलीच माहिती उजेडात दाखवतो. आणि फसवणूक कधी? ज्याला आपण पाहिलंच नाही असा कोणी शेवटच्या रिळात येऊन सांगतो, मीच तो. किंवा दाखवलेलं सगळं स्वप्न होतं. रात्रभर फिरवलं आणि पहाटे भलत्याच गावात सोडलं. माणूस चिडणारच.

हा हिशेब आपणच पहिल्यांदा केला असं नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, गुप्तहेराला मिळालेला धागा वाचकालाही मिळाला पाहिजे, असे. पाद्र्यानं दहा आज्ञा लिहाव्यात यात नवल नाही. पण त्या मागचा राग आमच्या जिन्यातलाच.

संकलनाच्या टेबलावर हे फार जवळून दिसतं, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. समजा पुरावा आहे किल्लीचा जुडगा. नंतर कळायचं आहे की तो खुनाआधीच सुनेच्या कमरेला होता. हा जुडगा दाखवला नाही तर फसवणूक. क्लोज-अप घेऊन दाखवला तर मावशी उठून घरी जाईल. मग करायचं काय? फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेम पळते. दोन सेकंदांचा क्लोज-अप म्हणजे अठ्ठेचाळीस फ्रेम. ‘सहा काढा’, ‘आठ ठेवा’ यावर मी दोन मोठी माणसं तासभर भांडताना पाहिलीत. माझे उस्ताद म्हणायचे, क्लोज-अप घेऊच नका. लांबचा शॉट घ्या. सून पाठमोरी, कमरेला जुडगा स्वच्छ दिसतोय, आणि त्याच क्षणी दारात नोकराच्या हातून कपबश्या पडतात. सगळं थिएटर कपबश्यांकडे बघणार. जुडगा दाखवला नाही असं मात्र कोणी म्हणू शकणार नाही. दाखवून लपवायचं. दुसऱ्यांदा तिकीट काढून येतो तो हा जुडगा बघायला.

शेवट माहीत असूनही लोक जातात, यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही. माझ्या आईनं १९६४ साली ‘पाठलाग’ पाहिला होता. राजा परांजप्यांचा. सरकारी वकिलासमोर आरोपी म्हणून जी बाई उभी राहते तिचा चेहरा हुबेहूब त्याच्या वारलेल्या बायकोचा. इतकंच सांगतो. दोन वर्षांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ आला, तर आई तोही पाहायला गेली, शेजारणीला घेऊन. शेवट माहीत होता तर कशाला गेलीस? म्हणाली, “तिला कळेल तेव्हा तिचं तोंड बघायला.” २०११ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात दोन संशोधकांनी वाचकांना कथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं. आईला हे दोन्ही माहीत नव्हतं.

निर्माते मात्र घाबरलेलेच असतात. हिचकॉकनं १९६० साली ‘सायको’ लावला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक घातला होता. हे मी बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते. गिरणीची पाळी सुटून आलेल्या माणसाला, हातात तिकीट असताना, दारात अडवायचं? हिचकॉकला म्हणावं एकदा उभा राहा इथे.

अलीकडच्या सिनेमांतला ‘अंधाधुन’ घ्या, २०१८चा. चहाला जायचे त्यांनी आता जा. नायक आधी आंधळ्याचं सोंग करणारा, मग खरंच आंधळा झालेला पियानोवादक. शेवटी तो परदेशात जुन्या मैत्रिणीला सगळी हकिकत सांगतो. डोळे गेले, गाडीत काय झालं, ससा कसा आडवा आला. मग निघतो, आणि वाटेतला डबा काठीनं अचूक उडवतो. संपलं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर यावर तीन रविवार वाद चालला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, त्याला दिसतंय, म्हणजे त्यानं खलनायिकेचे डोळे घेतले, म्हणजे ससा-बिसा सगळी थाप. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, अहो, त्याच्या काठीची मूठ बघा, सशाच्या डोक्याची आहे, ससा त्याला तिथूनच सुचला. यावर एक जण म्हणाला, पण सिनेमाच्या सुरुवातीलाच कोबीच्या शेतात ससा दिसतो ना, मग तो खोटा कसा? एक काका तर सरळ चिडले होते. “खुनी कोण ते सांगितलंत. नायक कोण ते सांगा की!”

मी काकांच्या बाजूचा नाही, पण त्यांचा राग मला कळतो. त्यांना चकवा मान्य आहे, पण उजाडायला हवं. हा उजाडू न दिलेला चकवा. ताईंना तोच आवडला, कारण रात्र त्यांच्या हातात दिली. आणि पुरावा? काठीची मूठ, डबा, कोबीचं शेत, सगळं डोळ्यांसमोर. म्हणून माझ्या मते फसवणूक नाही. काका अजून ऐकत नाहीत.

‘दृश्यम’चं वेगळंच. निशिकांत कामतांनी २०१५ साली हिंदीत केला, मूळ मल्याळम २०१३चा. तिथे खून कोणी केला हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. पण २ ऑक्टोबरला पणजीला गेलो होतो, सत्संग, पावभाजी, हे खोटं तो खून लपवणाऱ्या कुटुंबाबरोबर प्रेक्षकही पाठ करत जातो. दर २ ऑक्टोबरला अजून लोक एकमेकांना तो विनोद पाठवतात. माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार मात्र थिएटरातून उदास होऊन बाहेर आले. “टाळ्या वाजवत होते सगळे,” म्हणाले, “आणि मी मनात पंचनामा लिहीत होतो.” मला तर त्यांचं मत सगळ्यात मोलाचं वाटलं. जिन्यात असा माणूस क्वचित भेटतो.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. एक गंमत सांगतो आणि बसतो. तासभर तुम्ही ऐकताय. सुरुवातीला बाबांनी खडू घेऊन चार नावं लिहिली असं मी सांगितलं. थिएटरच्या डोअरकीपरकडे टॉर्च असते, तिकिटांचे तुकडे असतात. खडू कुठून आला, हे तुमच्यापैकी कोणी विचारलं नाहीत. नाव किती उंचीवर लिहिलेलं होतं तेही मी सांगितलं होतं.

त्या दिवशी मी बाबांच्या शेजारीच उभा होतो, शाळेच्या हाफ पँटमध्ये. झाडूवाल्याला अडवल्यावर त्यांनी भिंतीवरची नजर न काढता माझ्यापुढे हात पसरला आणि म्हणाले, “दे.”

मी खिशातून काढून दिला.