आधी फिल्टर उघडा

(गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका महिला मंडळात, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या रविवारी, वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. मंडळाच्या बायांनी मला बजावूनच सांगितलं होतं, "बोलायचं तर चवथीच्या आधी बोला." त्यांचं बरोबर आहे. वर्षभर मला मशीन बंद पडल्याचे फोन येतात, पण रडवेल्या आवाजातले फोन येतात ते चवथीनंतर. एरवी चार माणसांचं घर, चवथीला मूळ घरी वीस-पंचवीस माणसं. नेवऱ्यांचं पीठ मळायला बसताना अंगठी निघते आणि गाऊनच्या खिशात जाते. फुगड्या घालून दमल्यावर नथ टोचायला लागते, ती रुमालाच्या टोकाला बांधली जाते. कुणाची कुडी उशीच्या अभ्र्यात घसरते. दुसऱ्या दिवशी घरातली एखादी कष्टाळू सून सगळं गोळा करून मशीनला लावते. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून ती जोरात स्पिनही करते.

संध्याकाळी शोधाशोध सुरू होते. मशीनजवळ कुणीच जात नाही. आधी माणसांकडे बघितलं जातं, म्हणून मला आज बोलायचं आहे.

दागिना मशीनमध्ये गेला म्हणजे नक्की कुठे गेला, ते समजून घ्या. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये कपड्यांचा स्टीलचा ड्रम असतो, आणि तो पाणी धरणाऱ्या मोठ्या टबच्या आत फिरतो. ड्रमची भोकं बारीक असतात, अंगठी त्यातून जाऊ शकत नाही. ती जाते दारापाशी, ड्रमची कड आणि काळं रबर यांच्या फटीतून. म्हणून पहिली जागा ते रबर. त्याची घडी खालच्या बाजूला बोटांनी उलगडा. तिथे साबणाचा गाळ, केस, नाणी असतात, आणि पुष्कळदा हवी ती वस्तूही असते.

रबरातून पुढे गेलेली वस्तू टबच्या तळाशी येते. तिथून जाड नळीवाटे ती पंपापुढच्या फिल्टरमध्ये येते. आता सोन्याचं एक लक्षात घ्या. २२ कॅरेटचं सोनं पाण्यापेक्षा १७ ते १८ पट जड असतं. पंपाला पाणी दोन-तीन फूट वर चढवून बाहेर टाकायचं असतं. त्या पाण्याबरोबर धागा जाईल, टिकली जाईल, पण सोन्याची अंगठी सहसा वर चढत नाही. ती खालीच बसते. "पाण्याबरोबर गटारात गेलं" असं म्हणून हात टेकू नका.

दोन टब असलेल्या जुन्या मशीनचं मात्र वेगळं. तिथे सहसा पंप नसतो, पाणी उतारानं वाहून जातं आणि नळी जमिनीवरच्या जाळीपाशी सोडलेली असते. तिथे छोटी वस्तू खरंच निसटू शकते. म्हणून चवथीच्या दिवसांत नळीच्या तोंडाला जुना मोजा बांधून ठेवा, आणि धुणं झाल्यावर तो रिकामा करा. अशा मशीनमध्ये, आणि वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिकमध्येही, तळाशी फिरणारी पंख्यासारखी चकती असते. वस्तू तिच्याखाली जाऊन बसते. मधलं झाकण काढलं की एक स्क्रू दिसतो. तो सोडवून चकतीच्या भोकांतून नाडी ओवा आणि सरळ वर ओढा. स्क्रू-ड्रायव्हरने कडेला उचकटू नका, प्लास्टिक तुटतं.

आता फिल्टर. हे सावकाश सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात. आधी प्लग काढा. स्विच बंद केला म्हणून भागत नाही, प्लग काढाच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहू नका. नळ बंद करा. गरम पाण्याचं धुणं झालं असेल तर पाणी निवू द्या. समोर खाली उजवीकडे किंवा डावीकडे छोटं झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर असतो. झाकण उघडून त्याखाली पसरट ताट सरकवा. परात बसत नाही, फिल्टरचं तोंड फार खाली असतं. काही मशीनना तिथेच पाणी सोडायची बारीक नळी असते, तिने आधी पाणी काढा. मग फिल्टर घड्याळाच्या उलट्या दिशेनं अर्धाच फेरा फिरवा आणि थांबा. पाणी येईल. ते थांबलं की पुढचा फेरा. आलेलं सगळं पाणी चहाच्या गाळण्यातून गाळा. कुडीची फिरकी मोहरीएवढी असते, ती फरशीवरून वाहून गेली तर पुन्हा मिळत नाही. फिल्टर बाहेर आल्यावर टॉर्च लावून भोकात बघा. आत पंपाचा छोटा पंखा दिसेल. तो बोटाने फिरवला तर अडखळत, झटके देत फिरतो. आत चुंबक असतो, म्हणून तसं होतं, तो बिघाड नव्हे. त्या पंख्याच्या मागेही हात फिरवून घ्या. परत लावताना रबराची रिंग पुसा आणि फिल्टर घट्ट बसवा, नाहीतर पुढच्या धुण्याला घरभर पाणी.

फिल्टरमध्ये नाही मिळालं तर ड्रम हाताने हळू फिरवून ऐका. ड्रमबरोबर खरखर येत असेल तर वस्तू ड्रम आणि टबच्या मध्ये आहे. मग मशीन चालवू नका आणि आमच्यापैकी कुणाला तरी बोलवा. गरम पाण्याच्या मशीनमध्ये आम्ही हीटर काढून त्या भोकातून वस्तू काढतो. तिथे जोर लावला तर टबला भोक पडतं. उलट, पाणी बाहेर टाकतानाच खडखड होत असेल तर ती पंपातली वस्तू.

नथीबद्दल एक विनवणी. मोती म्हणजे चुन्याचाच प्रकार, आंबटाने तो झिजतो. हरवलेली नथ मिळावी म्हणून मशीन साफ करायची आंबट पावडर किंवा व्हिनेगर घालून मशीन फिरवू नका. आणि दोरीला लोहचुंबक बांधून शोधायचं असेल तर स्क्रू मिळेल, रुपयाचं स्टीलचं नाणं मिळेल. सोनं, चांदी, पिवळं पाच रुपयांचं नाणं त्याला चिकटणार नाही. मायक्रोवेव्हच्या जाळीतून काही आत पडलं तर तो घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जिवावर बेतेल एवढी वीज राहते.

आता जे सांगतो ते नाव-गाव न घेता. एका घरी पंप खडखडतो म्हणून गेलो. चवथ होऊन तीन महिने झाले होते. फिल्टर काढला, आणि पंख्याला अडकलेली मोत्याची कुडी निघाली, मोत्यांचं पाणी उतरलेलं. मी ती ताटात ठेवली. वहिनी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिच्यापायी मी आमच्या बाईला काढलं." चवथीच्या दुसऱ्याच दिवशी तिला 'उद्यापासून येऊ नको' सांगितलं होतं. वाड्यावर, म्हणजे आसपासच्या वस्तीत, बातमी गेली आणि दुसऱ्या दोन घरांनीही तिचं काम बंद केलं.

माझी आई लोकांच्या घरची धुणी धुवायची. तिच्या हाती आलेला प्रत्येक खिसा ती आधी उलटा करायची, सापडलेलं चार माणसांसमोर परत द्यायची, आणि तरी कुणाचं काही हरवलं की तिला झोप यायची नाही. मी तिथे फरशीवर बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर आईच होती.

वहिनींनी माझे पैसे दिले, आणि चप्पल घालून शेजारणीकडे गेल्या, त्या बाईचं घर नेमकं कुठे आहे ते विचारायला. ती तीन वर्षं या घरात येत होती. तिचं घर यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी इथे एक जुनं मशीन आणलं आहे. त्याच्या पोटात मी काल एक अंगठी, एक फिरकी आणि रुपयाचं नाणं टाकून ठेवलं आहे. ताट, गाळणं, टॉर्च इथे आहे. प्लग काढलेला आहे, तरी पुढे येईल तिने तो स्वतः बघून घ्यावा. काकी, तुम्ही या. फिल्टर उलटीकडे, अर्धाच फेरा.