नर्सिंगला जाण्याआधी सहायकाचे प्रशिक्षण
(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज समोर बसलेल्यांपैकी कुणी डाळमिलमध्ये हिशेब लिहिण्यात अनेक वर्षे घालवली आहेत, कुणी शिवणकाम करतात, कुणी मोबाइलच्या दुकानात उभे राहून कंटाळले आहेत, आणि सगळ्यांना आता नर्सिंगकडे वळायचे आहे. त्याआधी जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णसेवा सहायकाचा काही महिन्यांचा अभ्यासक्रम करावा का, असे तुम्ही मला विचारले आहे. करावा, असे माझे मत आहे. मात्र या प्रमाणपत्रामुळे नर्सिंगच्या शिक्षणातला एक दिवसही कमी होत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

म्हणून पहिला हिशेब वयाचा मांडा. एएनएम (ऑक्झिलिअरी नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचे शिक्षण) २ वर्षांचे, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंगची पदविका) ३ वर्षांचे आणि बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचे. एएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीएनएमला विज्ञान शाखेला पसंती असली तरी कला-वाणिज्यवाल्यांना दार बंद नाही. बीएस्सीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतेच. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार एएनएम आणि जीएनएम प्रवेशासाठी वयाची वरची मर्यादा ३५ वर्षे आहे, आणि एएनएम झालेल्या उमेदवाराला पुढे जीएनएमला जाताना ही मर्यादा आड येत नाही. त्यामुळे चौतिशीत असलेल्या ताईंनी सहायकाच्या प्रशिक्षणात वर्ष घालवू नये, सरळ एएनएमचा अर्ज भरावा. पंचविशीतल्यांना मात्र हे काही महिने परवडतात.

त्या काही महिन्यांत हाती काय लागते, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते, हे पुस्तकात एका ओळीत संपते. प्रत्यक्षात त्याला वळवताना चादर ओढून त्याची कातडी घासली जात नाही ना, माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर लाल डाग उमटला आहे का, आणि बोटाने दाबल्यावर तो फिका पडतो की तसाच राहतो, हे पाहावे लागते. फिका न पडणारा डाग ही बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात असते आणि ती लगेच सिस्टरच्या कानावर घालायची असते. उन्हातान्हात शेतात राबलेल्या सावळ्या अंगावर ही लाली डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने चाचपावे लागते. असा हात वॉर्डातच तयार होतो.

नळीतून लघवी जमा होणाऱ्या पिशवीचेही तसेच. ती नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी आणि जमिनीला टेकू नये, एवढाच नियम आहे. पण एक्स-रेला नेताना नातेवाईक प्रेमापोटी ती उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि पिशवीतली लघवी उलटी आत जाण्याची वाट मोकळी होते. हे टाळण्याचे काम सहायकाचे आहे. पिशवीत किती लघवी जमली आणि रुग्णाने किती पाणी घेतले, याची नोंद इनटेक-आउटपुट चार्टवर ठेवायची असते. इथे हिशेबनीस मंडळी पहिल्याच आठवड्यात इतरांच्या पुढे जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आकडा आठवून मागाहून लिहायचा नाही, ही सवय त्यांना आधीच लागलेली असते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. धुळ्या-जळगावच्या वॉर्डात म्हातारी माणसे अहिराणीत बोलतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्यांना भिलोरी किंवा पावरीच जवळची असते. डॉक्टरांच्या राउंडमध्ये ‘बरं आहे’ म्हणून गप्प बसलेली आजी अंग पुसणाऱ्या मुलीला ‘पोट दुखस’ असे हळूच सांगते. ते ऐकून सिस्टरपर्यंत पोहोचवणे हा कामाचाच भाग आहे आणि इथल्या मुलामुलींना तो बाहेरच्यांपेक्षा चांगला जमतो.

आता मर्यादा. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, औषध ठरवणे यांतले काहीही सहायकाने करायचे नसते. काही छोट्या खासगी दवाखान्यांत मनुष्यबळ कमी असते आणि ‘तू तर हुशार आहेस’ असे म्हणत सिरिंज हातात दिली जाते. तेव्हा नम्रपणे नाही म्हणा; काही बिघडले तर तुमच्याजवळ नोंदणी नसते आणि त्या रुग्णाजवळ दुसरा जीव नसतो. याच कारणाने सहा महिन्यांत ‘नर्स’ बनवण्याच्या जाहिरातींपासून दूर राहा. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त संस्थेतून शिकल्यावरच मिळते.

रात्रपाळीबद्दल घरच्यांशी प्रवेशाआधीच बोला, एवढेच सांगते.

प्रशिक्षणाची संस्था निवडताना दोन प्रश्न विचारा: विद्यार्थ्यांना कोणत्या रुग्णालयाच्या कोणत्या वॉर्डात नेतात, आणि तिथे शिकवायला नोंदणीकृत नर्स असते का? सगळे धडे वर्गातल्या पुतळ्यावरच होत असतील, तर तिथे फी भरू नका. आणि अभ्यासक्रमाची सांगता जीएनएमच्या प्रवेशप्रक्रियेआधी होईल अशी तारीख धरा, नाहीतर हातात प्रमाणपत्र असूनही पुढचे वर्षभर थांबावे लागेल.