चर उघडा असतानाच मोजा

नमस्कार, श्रोतेहो.

नाशिक जिल्ह्यातले इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हे तालुके. पावसाळ्यात इथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि वैशाखात याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. आता दारात नळ आलाय म्हणा. कुठं त्याला पाणी येतं, कुठं नुसतीच तोटी आहे.

घरोघरी नळानं पाणी द्यायची केंद्र सरकारची योजना, म्हणजे जलजीवन मिशन, २०१९ मध्ये सुरू झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी, हा त्यातला वायदा. गावातल्या कामासाठी लोकवर्गणी ठरली ती १० टक्के. डोंगराळ आणि आदिवासीबहुल गावांना ५ टक्के, रोख नसेल तर श्रमदानातून. म्हणजे आपलेही पैसे त्यात आहेत. तेव्हा हिशेब मागितला की कुणी ‘राजकारण करता का’ म्हणालं, तर खुशाल हसून सोडून द्या.

मात्र हिशेब मागायची वेळ आपण चुकवतो. नळ कोरडा पडला की मोर्चा निघतो. तोवर पाइप जमिनीत, बिल अदा आणि ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात! खरी तपासणी होते ती पाइपसाठी खोदलेला चर उघडा असताना. अंदाजपत्रकाची प्रत आधीच मागून घ्या. चर किती खोल, कोणत्या व्यासाचा पाइप किती मीटर, हे त्यात लिहिलेलं असतं. मग एक टेप घेऊन चरापाशी जा. काळ्या एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपवर निळ्या रेघा असतात आणि व्यास, दाबाचा वर्ग (पाइप किती दाब सोसतो ते), आयएस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक पाइपवरच छापलेला असतो. तो वाचा, मोबाइलवर फोटो काढा. खडक लागला की खोदाई वरच्यावर उरकतात. तिथं जरा जास्त वेळ उभं राहा.

बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवरून, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीवरून. आपलं माप आणि त्यातलं माप जुळतंय का, एवढंच बघायचं आहे. पुस्तिका दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. २००५ च्या या कायद्यात नुसते कागद नाहीत. प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं.

गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. कागदावर असतातही. पण रजिस्टर घरी पाठवून सही आणली, तर तिला बैठक म्हणत नाहीत. टाकी भरली तरी शेवटच्या घराला पाणी कितव्या दिवशी येतं, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.

काम पूर्ण झाल्याचा ठराव ग्रामसभेपुढं येईल, तेव्हा आधी त्या शेवटच्या नळाखाली बादली लावून बघा. ती भरत नसेल तर ठरावाला हात वर करू नका, आणि आपली हरकत इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या.