प्लाझ्मा गोळ्यावर फॉइल ठेवली तेव्हा

खोलीतला दिवा मालवला की हा काचेचा प्लाझ्मा गोळा जिवंत होतो. मधल्या बोंडातून जांभळे-गुलाबी धागे निघतात आणि वळवळत काचेपर्यंत जातात. बोट टेकवलं की एक जाडसर धागा थेट त्या बोटाखाली येऊन थांबतो. शॉक बसत नाही, म्हणून तर लहान मुलांच्या वाढदिवसाला हा गोळा हमखास भेट दिला जातो.

याचं मूळ निकोला टेस्ला यांच्या दिव्यात आहे. त्या दिव्याचं पेटंट त्यांना 1894 साली अमेरिकेत मिळालं.

काचेच्या आत निऑन, आर्गॉनसारखे वायू असतात. मधल्या बोंडाला काही हजार व्होल्टचा दाब मिळतो. आपल्या प्लगमधली वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, इथली बहुधा 30-35 हजारांच्या घरात. एवढ्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या विजेला काच पुरती अडवू शकत नाही. धागे काचेपाशी थांबलेले दिसतात, पण थोडी वीज पलीकडे तुमच्या हातात येते आणि अंगातून जमिनीकडे जाते. आपल्या नसांना इतका झरझर बदल टिपता येत नाही, म्हणून काही जाणवत नाही. पण जाणवलं नाही म्हणजे वीज आलीच नाही, असं नसतं.

आता ही फॉइल बघा. डब्यात पोळ्या गुंडाळतो तीच. मी कॉलेजात असताना तिचा तळहाताएवढा तुकडा गोळ्याच्या माथ्यावर चिकटवला आणि बोट जवळ नेलं. टक् असा आवाज झाला, पांढरी बारीक ठिणगी उडाली आणि मी हात झटकला. बोटाच्या टोकावर मोहरीपेक्षाही लहान पांढरा डाग होता. नाकाशी नेलं तर केस जळाल्यासारखा वास. तो डाग चार दिवस हुळहुळत होता.

असं का झालं? नुसता हात टेकवला की वीज काचेवरच्या सगळ्या स्पर्शभर पसरते. फॉइल मात्र तळहाताएवढ्या जागेतली वीज गोळा करते आणि सुईच्या टोकाएवढ्या ठिणगीतून एकदम सोडते. नाणं ठेवलं तरी तेच. मध्ये कागद धरला तर त्याला करपलेलं भोक पडतं, कधी कागद पेटतोही. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर यांची बाटली त्या टेबलावर नकोच. अशा ठिणग्या चालू राहिल्या की ओझोनचा उग्र वास येतो. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा. बंद खोलीत तो हुंगत बसू नये.

एक हात गोळ्यावर आणि दुसरा नळावर, असंही करू नका. नळाकडच्या बोटाला असाच चटका बसतो.

आणि हा ट्रान्झिस्टर. मध्यम लहरींवर लावलाय, बातम्या स्वच्छ ऐकू येताहेत. गोळा सुरू करते. ऐका, नुसती खरखर. गोळ्याभोवतीचं विद्युतक्षेत्र असं बाहेर पसरतं. त्याच्या शेजारी लॅपटॉपवरचा माउसचा बाणही कधीकधी भलतीकडे उड्या मारतो. मोबाइल तर गोळ्याला टेकवूच नये.

माझ्या आजोबांना पेसमेकर बसवलाय. ते यायचे असले की मी या गोळ्याची पिन आधी काढते आणि गोळा कपाटात ठेवून देते.