मोहाखाली थांबलेली जिप्सी

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा संपल्या की घरोघरी एकच बेत शिजतो, ताडोबाला जायचं आणि वाघ बघायचा. जरूर जा. फक्त मंगळवार टाळा, मंगळवारी ताडोबाचं आतलं मुख्य जंगल बंद.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा आणि भोवती बफर. या बफरमध्ये जंगल आहे, शेती आहे, गावंही आहेत. आज बोलायचंय ते त्या गावांबद्दल.

मागे आमच्या भाऊजींना घेऊन बफरच्या सफारीला गेलो होतो. पहाटे साडेपाचला जिप्सीत बसलो. गाइड तिथल्याच गावची बाई, खाकी शर्ट, पायात रबरी चप्पल. दोन तास झाले, वाघाचा पत्ता नाही. भाऊजींनी घड्याळ दाखवलं. बाई शांतपणे म्हणाली, "काका, वाघ काय आपल्या सांगन्यानं येते काय?"

मग तिनं एका मोहाखाली गाडी थांबवली. इंजिन बंद. टप्प... टप्प... मोह गळत होता, एक फूल थेट भाऊजींच्या मांडीवर पडलं. खाली उतरायची परवानगी नसते, म्हणून तिनं बसल्या जागेवरून बोट दाखवलं. "हे खालचं पाहा. पाला झाडलेला हाय, जाळला नाय." पूर्वी फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून द्यायचे. तिनं स्वतः पेटवला होता. एकदा वारा सुटला, आग टेकडीवर चढली, तिघी जणी ओल्या फांद्या घेऊन संध्याकाळपर्यंत झोडपत राहिल्या. "आता इस्तो दिसला का सगळ्यात आंधी आमीच धावतो. जंगल जळलं तं जिप्सीत कोन बसन?"

श्रोतेहो, सगळी गोम या वाक्यात आहे. प्रवेशशुल्काचा काही भाग गावाच्या समितीकडे जातो, गाइडची मजुरी गावात राहते, घरात गॅस येतो आणि सरपणाची मोळी कमी होते. सरपणाला माणूस कमी गेला की वाघाची गाठही कमी पडते. पुन्हा सांगतो, तिकिटाचा पैसा गावात पोचला तरच हे पर्यटन जंगलाच्या कामाचं. तो शहरातल्या मालकाच्या रिसॉर्टात जिरला, तर गावाच्या वाट्याला नुसती धूळ. म्हणून मुक्काम शक्यतो गावातल्या घरी करा. झुणका-भाकरीही चांगली मिळते. रिसॉर्टातला तो दुधाच्या पावडरीचा चहा मला कधीच आवडला नाही, पण ते जाऊ द्या. आणि मुलांकडून पक्ष्यांच्या इंग्रजी नावांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा त्यांना आधी तांबट आणि नवरंग ओळखायला शिकवा, हे माझं जुनं रडगाणं.

तर वाघ दिसलाच नाही. शेवटी एक चितळ ओरडलं, बाईनं कान टवकारले, पण तेवढंच. भाऊजी परतताना गप्प होते.

जंगलातली काडीही बाहेर न्यायची नसते. पण ते मांडीवरचं फूल नकळत त्यांच्या खिशात गेलं. चार दिवसांनी शर्ट धुवायला काढला आणि ताईचा मला फोन आला, "तिकडे नेऊन यांना काय पाजलंस रे?"