शायेनच्या धावपट्टीवरचा निर्णय

मंडळी, विमान पडलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘इंजिन बंद पडलं का?’ आज ज्या अपघाताबद्दल बोलायचं आहे, त्यात विमानात कसलाही बिघाड नव्हता. म्हणूनच मला तो जास्त लागतो.

११ एप्रिल १९९६. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शायेन शहर, सकाळचे आठ वाजून चोवीस मिनिटं. सेस्ना १७७बी हे एका इंजिनाचं छोटं विमान. आत तिघं: सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि तिचे इन्स्ट्रक्टर. आदल्या दिवशी ते कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथून, अगदी समुद्राकाठून निघाले होते. आठ दिवसांत देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याला जाऊन परत यायचं आणि ‘सर्वांत लहान वैमानिक’ म्हणून पोरीचं नाव व्हावं, असा बेत. मुलाखती आधीच ठरलेल्या. कायद्याने मात्र ती प्रवासीच होती. जबाबदारी पूर्णपणे इन्स्ट्रक्टरची.

आता ही धावपट्टी किती उंचावर आहे ते पाहा. आपल्या कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फूट. शायेनचा विमानतळ ६,१५६ फुटांवर. तिथली हवा विरळ. विरळ हवेत इंजिनाची ताकद जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटते, प्रोपेलरची ओढ कमी होते आणि पंखांनाही उचल कमी मिळते. तीन घाटे एकदमच. त्यात विमानात ठरलेल्या कमाल वजनापेक्षा ९६ पौंड, म्हणजे साधारण ४४ किलो, जास्त भरले होते. समुद्राकाठी एखादं विमान एवढा बोजा ओढून नेईलही. इथे चढण्यासाठी हाताशी फारसं काही उरतच नाही.

आणि वादळ विमानतळावर चालून येत होतं. आधी उडालेल्या एका वैमानिकाने वर हेलकावे बसताहेत असं कळवलं होतं, टॉवरने ते यांनाही सांगितलं. दृश्यमानता एवढी घसरली की नेहमीच्या नियमांनी निघता येईना, तेव्हा इन्स्ट्रक्टरने खास परवानगी मागितली. ती मिळाली आणि विमान पावसातच धावपट्टीवर आलं.

उडाल्यावर ते उजवीकडे वळलं. इथे जरा थांबू या, कारण शिकणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायला हवं. समोरून वारा असतो तेव्हा खालची जमीन हळू सरकताना दिसते. वळलात की तोच वारा पाठीशी येतो आणि घरं, रस्ते झपाझप मागे पळू लागतात. डोळे सांगतात, वेग भरपूर आहे. पण पंखाला जमिनीशी देणंघेणं नसतं, त्याच्यावरून वाहणारी हवा किती वेगाची एवढंच त्याला कळतं. विमान चढत नाही असं वाटून नाक वर उचललं की होता तो वेगही जातो, पंखावरची हवा सुटते आणि विमान कोसळतं. याला स्टॉल म्हणतात. जमिनीपासून काहीशे फुटांवर तो झाला, तर सावरायला जागाच नसते. नेमका असाच भास त्या क्षणी झाला असावा, अशी शक्यता तपास अहवालात मांडली आहे.

विमान विमानतळाजवळच्या वस्तीत, एका घरासमोरच्या वाटेवर पडलं. तिघंही गेले. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही.

एनटीएसबी या तपास संस्थेने कारण नोंदवलं ते बिघडत्या हवामानात, जादा वजनाने, सवय नसलेल्या विरळ हवेत उडण्याचा इन्स्ट्रक्टरचा निर्णय आणि त्यातून झालेला स्टॉल. अवाजवी वेळापत्रक पाळायचा अट्टहास आणि त्यामागे माध्यमांना दिलेले शब्द, हेही अहवालात लिहिलं आहे. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. वजनाचा काटा असतो, वाऱ्याचं मोजमाप असतं; कॅमेरे वाट पाहताहेत या दडपणाला मात्र कॉकपिटमध्ये एकही काटा नाही.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला: विक्रमासाठी परवाना नसलेल्या मुलाच्या हाती विमानाचं नियंत्रण द्यायचं नाही. कायदा योग्यच आहे, माझी काही तक्रार नाही. पण तपासात जखमांवरून दिसलं ते असं, की धडकेच्या वेळी नियंत्रण जेसिकाच्या हाती नव्हतं. ते बावन्न वर्षांच्या, परवानाधारक माणसाच्या हाती होतं.