बाराची गाडी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी. कार्यवाहांनी मला साडेअकराची वेळ दिली आणि जेवण बरोबर बाराला आहे, हेही बजावून सांगितलं. हॉलमधलं घड्याळ माझ्या पाठीमागे आहे, म्हणजे तुमच्या समोर. मला ते दिसत नाही आणि तुम्हाला दुसरं काही दिसत नाही. वेस्टर्नपटांवर, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या त्या घोडे-बंदुकांच्या चित्रपटांवर बोलायला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

माझी या चित्रपटांशी ओळख पुण्यात, कॅम्पातल्या एका टॉकीजमध्ये, अगदी पुढच्या रांगेत झाली. चित्रपट अर्थात 'मॅकेनाज गोल्ड'. अमेरिकेत तो पडला, आपल्याकडे मात्र लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यावाचून काही अडलं नाही. सोनं, घोडे, ओमर शरीफ आणि त्या सुळक्याची लांबत लांबत जाणारी सावली. तो सुळका अ‍ॅरिझोनात, कॅन्यन डी शेमध्ये खरोखर उभा आहे. इथे अमेरिकेत आल्यावर मी मुद्दाम बघायला गेलो. "एवढ्यासाठी सहा तास गाडी चालवलीत?" असं आमच्या हिने तिथेच विचारलं. चित्रपट परत पाहिला तेव्हा तोही तसा बेताचाच निघाला. सांगताना वाईट वाटतं, पण खरं ते खरं.

तेव्हा मी गोळीबार कधी सुरू होतो याची वाट बघत बसायचो. आता गोळीबार सुरू झाला की चहा टाकायला उठतो. बघण्यासारखं बहुतेक सगळं तोवर बघून झालेलं असतं.

'हाय नून' घ्या. 1952 सालचा, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. पन्नाशीचा गॅरी कूपर हॅडलीव्हिल गावाचा मार्शल आहे, आपण फौजदार म्हणू. सकाळी लग्न लागलंय, नोकरी सोडलीय, नव्या बायकोला घेऊन गाव सोडायचं आहे. तेवढ्यात तार येते. यानेच तुरुंगात पाठवलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. त्याचे तीन साथीदार आधीच स्टेशनावर येऊन बसलेत. चित्रपट 85 मिनिटांचा आहे आणि गोष्टीतला वेळही जवळपास तेवढाच. भिंतीवरची घड्याळं सारखी दिसत राहतात, आणि प्रेक्षक म्हणून आपणही हिशेब करत बसतो.

मार्शल मदतीला माणसं गोळा करायला निघतो. मंडळी, इथून पुढे हा चित्रपट म्हणजे प्रत्येक मंडळाच्या कार्यवाहाचं आत्मचरित्र आहे. न्यायाधीश सामान बांधतोय. हाताखालचा माणूस रुसलाय, कारण मार्शलची जागा त्याला मिळाली नाही. जवळचा मित्र घरातच आहे, पण दाराशी बायकोला पाठवतो, 'घरी नाहीत म्हणून सांग.' एक जण मोठ्या उत्साहाने तयार होतो आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर त्याला मुलंबाळं आठवतात. शेवटपर्यंत यायला तयार कोण, तर एक डोळा गेलेला दारुडा आणि चौदा वर्षांचा एक पोरगा. तोही मार्शलला 'मी सोळाचा आहे' म्हणून सांगतो.

आणि मग चर्चमधली सभा. मुलांना बाहेर खेळायला पाठवतात आणि रीतसर चर्चा सुरू होते. एक म्हणतो, मार्शलचा पगार आम्ही भरतो, मग आम्ही का लढायचं? दुसऱ्याच्या मते हे दोघांचं खासगी भांडण. एक बाई उभी राहून सगळ्यांना खडसावते. शेवटी गावातलं वजनदार प्रस्थ, हेंडरसन, उठतो. मार्शलचं तोंडभरून कौतुक करतो. गावात बाहेरून पैसा येणार आहे, रस्त्यात रक्त सांडलं तर ते बरं दिसणार नाही, म्हणतो. तेव्हा बाबा, तू जा. सत्कार आणि हकालपट्टी, दोन्ही एकाच भाषणात! थॉमस मिचेलने ते इतक्या सफाईने केलंय की आपलीही मान डोलते. त्या चर्चमध्ये दुष्ट माणूस एकही नाही. प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं पटण्यासारखं आहे, आणि मला त्या चौघा बंदूकवाल्यांपेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

हे लिहिणारा कार्ल फोरमन स्वतः त्यातूनच जात होता. चित्रीकरणाच्या काळात त्याला कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलावलं. त्याने इतरांची नावं सांगायला नकार दिला. पुढे हॉलिवूडमध्ये काम मिळेना, म्हणून तो इंग्लंडला गेला. मित्रांनी पाठ फिरवणं म्हणजे काय, हे त्याला कल्पनेने लिहावं लागलं नसणार.

वेस्टर्नपटांचा मोठा नट जॉन वेन, त्याला हा चित्रपट मुळीच आवडला नाही. पुढे एका मुलाखतीत त्याने त्याला अमेरिकाविरोधी ठरवलं. गंमत अशी की कूपरला ऑस्कर मिळालं तेव्हा तो हजर नव्हता, आणि ते स्वीकारायला मंचावर गेला होता जॉन वेनच! मग 1959 मध्ये दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि वेन यांनी 'रिओ ब्राव्हो' काढून उत्तर दिलं. यातला शेरीफ मदत मागत फिरत नाही. त्याच्या वाट्याला येतात एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा पोरगा, आणि तेवढ्यांत तो भागवतो. आपली कार्यकारिणीही साधारण अशीच असते. असो. मला दोन्ही आवडतात. विचार पटतो 'हाय नून'चा, पण पावसाळी रविवारी लावतो मी 'रिओ ब्राव्हो'.

स्टेशनावर थांबलेली ती तीन माणसं पुढे इटलीच्या सर्जिओ लिओनीने उचलली. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', 1968. सुरुवातीलाच तिघे जण गाडीची वाट बघतायत. दहाएक मिनिटं जवळजवळ कोणी बोलत नाही. पवनचक्की करकरते. एकाच्या टोपीवर पाणी ठिबकतंय, दुसरा बोटं मोडतोय, तिसऱ्याच्या तोंडावर माशी बसलीय. मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना इथे वाद्य एकही नाही! माशीवाला नट जॅक एलम, आणि 'हाय नून'मध्ये कोठडीत पडलेला दारुडाही तोच. याच चित्रपटातलं मॅकबेन कुटुंब बघा, 'शोले'तल्या ठाकूरचं घर आठवल्यावाचून राहणार नाही.

मागे वळून घड्याळ बघून घेतो. ठीक आहे, अजून एक.

जॉन फोर्डचा 'द सर्चर्स', 1956. कोमांची या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांनी पळवलेल्या पुतणीला वेन वर्षानुवर्षं शोधतोय, आणि सापडली तर तिला तो आणणार की मारणार हेच आपल्याला कळत नाही. या चित्रपटाचं सगळंच मला मान्य नाही. गोष्ट टेक्सासची, चित्रीकरण अ‍ॅरिझोना-यूटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत, कोमांची म्हणून उभे केलेले लोक तिथले नाव्हाहो, म्हणजे वेगळ्याच जमातीचे, आणि त्यांचा सरदार झालेला नट जन्माने बर्लिनचा! ज्यांची जमीन गेली त्यांची बाजू या चित्रपटांना फार क्वचित दिसली.

तरी तो शेवट. कॅमेरा घराच्या आत, अंधारात. दारातून उन्हातलं लाल माळरान दिसतंय. पुतणी घरी आलीय, एकेक जण उंबरठा ओलांडून आत जातो. वेन बाहेरच थांबतो. डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरतो. जुना नट हॅरी केरी असा उभा राहायचा, आणि त्या घरातली बाई झालेली ऑलिव्ह केरी ही त्याचीच विधवा. मग तो वळून चालू लागतो आणि दार लागतं. मी हे किती वेळा पाहिलंय कोण जाणे, पण या वेळी चहाला कधी उठलेलो नाही.

बारा वाजत आले असणार, वास येतोय. जेवणानंतर इथेच 'हाय नून' दाखवणार आहोत. पडदा आहे, प्रोजेक्टर आहे. फक्त ही टेबलं उचलून खुर्च्या लावायला सहा जण हवेत. हात वर करा बघू.

तो मागे कोणाचा हात? ये, पुढे ये. वय काय रे तुझं, बाळा?

सोळा. बरं.

आणखी कोणी?